शाळा मिळेल, पण पाठ कोण पाहणार?

बी.एड. एका राज्यात आणि घर दुसऱ्या राज्यात, अशी एक तरी मुलगी आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत असते. कॉलेज सोलापूरला, माहेर विजयपूरला. किंवा कॉलेज नांदेडला आणि मधल्या काळात निकाह होऊन सासर निजामाबादला. दुसऱ्या वर्षाची आंतरवासिता जवळ आली की घरात एकच प्रश्न फिरू लागतो : हे सोळा आठवडे तिकडच्याच एखाद्या शाळेत करता येतील का?

या प्रश्नाला आपल्याकडे दोन ठरलेली उत्तरे मिळतात. एक, ‘तसे काही होत नाही, इथेच राहून करा.’ दुसरे, ‘काळजी करू नका, सही-शिक्क्याचे बघून घेऊ.’ पहिल्या उत्तराने काही मुलींचे शिक्षण शेवटच्या पायरीवर सुटते. दुसऱ्या उत्तराने पदवी हातात पडते, पण शिक्षक तयार होत नाही. आमच्या मते तिसरे उत्तर आहे. परराज्यातल्या शाळेत आंतरवासिता नीट होऊ शकते, मात्र ती नीट लावून देणारे कोणीतरी लागते. हे ‘कोणीतरी’ कोण, हाच या लेखाचा विषय.

आधी आंतरवासिता म्हणजे काय ते स्पष्ट करू. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २०१४ साली नवे नियम केले. बी.एड. एका वर्षाचे दोन वर्षांचे झाले आणि त्यात किमान वीस आठवडे प्रत्यक्ष शाळेसाठी राखले गेले : पहिल्या वर्षी चार, दुसऱ्या वर्षी सोळा. कॉलेजमधल्या तासांना ८० टक्के हजेरी पुरते. शाळेतल्या आंतरवासितेला ९० टक्के लागते. नियम करणाऱ्यांनी कॉलेजच्या बाकापेक्षा शाळेच्या फळ्याला जास्त वजन दिले, ते उगाच नाही.

या बदलामागे न्यायमूर्ती जे. एस. वर्मा आयोगाचा २०१२ चा अहवाल होता. सर्वोच्च न्यायालयाने हा आयोग नेमला, त्याला निमित्त झाला तो आपल्याच महाराष्ट्रातल्या शेकडो डी.एड. संस्थांच्या मान्यतेचा वाद. इमारत कागदावर, प्राध्यापक कागदावर, सराव पाठही कागदावर, असे कारखाने देशभर उभे राहिले होते. अभ्यासक्रम लांबवणे आणि शाळेतला काळ वाढवणे हा त्यावरचा उपाय होता. तो उपायही पुन्हा कागदावरच उरकायचा का, हे आता आपल्या हातात आहे.

परराज्यात जाऊ पाहणारे छात्रशिक्षक साधारण चार प्रकारचे दिसतात.

पहिले सीमेवरचे. बेळगाव, निपाणी, बिदर इथल्या मराठी बोलणाऱ्या मुसलमान मुलामुलींना कोल्हापूर, मिरज, लातूर ही गावे जवळची. सोलापूर, नांदेड, सिंधुदुर्गातल्यांना कर्नाटक, तेलंगणा, गोवा जवळचा. नकाशावर ओलांडायची ती राज्याची हद्द, रोजच्या जगण्यात फक्त एक बस. दुसऱ्या, लग्न होऊन राज्य बदललेल्या मुली. मराठवाड्यातली सोयरीक हैदराबाद, बिदर, कलबुर्गीपर्यंत जाते, ती बी.एड.चा निकाल लागेपर्यंत थांबत नाही. तिसरे मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठासारख्या संस्थांतले विद्यार्थी. विद्यापीठ हैदराबादला आणि त्याची अध्यापक महाविद्यालये औरंगाबाद, बिदर, भोपाळ, दरभंगा, श्रीनगर अशी पसरलेली. औरंगाबादच्या वर्गात बिहारचा मुलगा बसतो आणि आपली मुले हैदराबादला जातात. चौथे, संख्येने थोडे, पण महत्त्वाचे : ज्यांना मुद्दाम वेगळ्या भाषेच्या, वेगळ्या पद्धतीच्या शाळेत शिकवून पाहायचे आहे.

या चौघांच्याही गरजा खऱ्या आहेत. आणि नेमक्या या खऱ्या गरजेवरच दलाल जगतात. ‘नॉन-अटेंडिंग बी.एड.’ हा शब्द आपल्या मोहल्ल्यांत आता कोणाला समजावून सांगावा लागत नाही. प्रवेश परराज्यात, हजेरी दलालाच्या खिशात, आंतरवासितेचे प्रमाणपत्र एखाद्या ओळखीच्या शाळेच्या लेटरहेडवर. पैसे मोजले की पाठ टाचणांची वहीसुद्धा लिहून मिळते. ज्या घरांनी दागिने गहाण ठेवून ही फी भरली त्यांना दोष देणे सोपे आहे. पण त्यांना सरळ रस्ता कोणी दाखवला होता, हेही विचारायला हवे.

फसवणूक फक्त त्या मुलीची होत नाही. सही-शिक्क्यावर पास झालेली शिक्षिका पहिल्या दिवशी सातवीच्या वर्गात उभी राहते, समोर पन्नास मुले असतात आणि तिने याआधी सलग एक आठवडाही वर्ग सांभाळलेला नसतो. अपूर्णांक तिला येतात. अपूर्णांक न येणाऱ्या मुलाशी काय करायचे ते येत नाही. हा वर्ग बहुतेक वेळा आपल्याच वस्तीतल्या उर्दू शाळेचा असतो. कागदी आंतरवासितेची किंमत शेवटी आपलीच लहान भावंडे मोजतात.

मग नीट लावलेली आंतरवासिता कशी असते? ती एका पत्राने होत नाही. काही गोष्टींची उत्तरे निघण्याच्या आधी, लेखी, मिळालेली असावी लागतात.

पहिली गोष्ट, परवानगीचा क्रम. सुरुवात शाळेपासून नव्हे, आपल्या कॉलेजपासून करायची. आंतरवासिता कुठे चालेल याबाबत प्रत्येक विद्यापीठाचे स्वतःचे नियम असतात. प्राचार्यांना अर्ज द्या, कारण लिहा, आणि विद्यापीठाची मान्यता लागते का ते लेखी विचारा. कॉलेजचे पत्र मिळाल्यावर शाळेचे संमतिपत्र. शाळा सरकारी असेल तर तिथल्या शिक्षण खात्याची परवानगी : महाराष्ट्रात शिक्षणाधिकारी, कर्नाटकात तालुक्याला गटशिक्षणाधिकारी आणि जिल्ह्याला शिक्षण खात्याचे उपनिर्देशक, तेलंगणात जिल्हा शिक्षणाधिकारी. हा क्रम उलटा केला की चार महिने शिकवूनही ‘हे धरता येणार नाही’ असे ऐकावे लागू शकते. तोंडी ‘हो’वर विसंबून कोणीही बॅग भरू नये.

दुसरी गोष्ट, इयत्ता आणि विषय. बी.एड.ची पदवी पहिली ते पाचवीच्या शिक्षकासाठी पात्रता ठरत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये दिला आहे. त्यामुळे ज्या शाळेत फक्त चौथी-पाचवीपर्यंत वर्ग आहेत तिथे सोळा आठवडे काढून बी.एड.वालीला फारसे काही हाती लागत नाही. सहावीच्या पुढचे वर्ग, आपला अध्यापन विषय आणि तो शिकवणारा अनुभवी शिक्षक, या तिन्ही गोष्टी शाळेत आहेत का, हे आधी पाहा.

तिसरी गोष्ट, वेळापत्रक. शाळेचे वर्ष सगळीकडे एका दिवशी सुरू होत नाही. महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्याला भरतात, विदर्भात उन्हामुळे आणखी उशिरा. कर्नाटकात मे संपता संपता. कर्नाटकात ऑक्टोबरमध्ये दसऱ्याची मोठी सुट्टी, आपल्याकडे दिवाळीची. सीबीएसई शाळांचे वर्ष एप्रिलपासून. कॉलेजने ‘सप्टेंबर ते डिसेंबर’ असे लिहून दिले आणि शाळा त्यातले दोन-तीन आठवडे बंद असली, तर ९० टक्क्यांचा हिशेब कोलमडतो. रमज़ानही लक्षात घ्या. अनेक उर्दू शाळा त्या महिन्यात सकाळी भरतात आणि तासिका छोट्या होतात. दोन्हीकडची सुट्ट्यांची यादी शेजारी ठेवून दिवस मोजायचे. काम अर्ध्या तासाचे आहे. ते न केल्याने सत्र वाया जाऊ शकते.

चौथी गोष्ट, भाषा आणि पुस्तक. माध्यम तेच म्हणजे अभ्यासक्रमही तोच, हा समज चुकीचा आहे. बालभारती उर्दू, कन्नड, तेलुगू, गुजराती माध्यमांची पुस्तके काढते. तसे कर्नाटकही उर्दू आणि मराठी माध्यमाची स्वतःची पुस्तके काढते. बिदरच्या उर्दू शाळेतला सातवीचा विज्ञानाचा धडा आणि लातूरच्या उर्दू शाळेतला धडा वेगळा असू शकतो. तुमचे टाचण तिथल्या पुस्तकावर हवे आणि ते तपासणाऱ्या इथल्या प्राध्यापकांकडे ते पुस्तक हवे. शिवाय वर्गात उर्दू किंवा मराठी चालली तरी सूचनाफलक, परिपत्रक, पालकांशी बोलणे कन्नडात किंवा तेलुगूत असणार. आधीच्या दोन महिन्यांत कामापुरती भाषा शिकून जाणारी मुलगी आणि न शिकता जाणारी मुलगी, दोघींना शिक्षकांच्या खोलीत मिळणारी वागणूक वेगळी असते.

पाचवी गोष्ट, आणि आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची : पाठ कोण पाहणार? शाळेने एक मार्गदर्शक शिक्षक नावानिशी दिला पाहिजे. त्याने आठवड्याला किती पाठ पाहायचे, शेरा कुठे लिहायचा, कॉलेजला काय आणि कधी कळवायचे, हे ठरलेले हवे. कॉलेजच्या प्राध्यापकांना दर आठवड्याला तीनशे किलोमीटर येणे जमणार नाही, हे उघड आहे. मग सोळा आठवड्यांत निदान दोनदा प्रत्यक्ष भेट आणि मध्ये व्हिडिओ कॉलवर चर्चा, असे काही बांधून घ्या. किंवा त्याच गावातल्या एखाद्या मान्यताप्राप्त अध्यापक महाविद्यालयाने पाहणीची जबाबदारी घ्यावी आणि आपल्या कॉलेजने ती मान्य करावी. पाठ पाहणारा डोळा नसेल तर परराज्यातली उत्तम शाळासुद्धा निरुपयोगी. आपण चुकतो कुठे हे एकट्याने शिकवताना कळत नाही.

यात एक अडचण आपल्या घरातली आहे आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. आपल्या काही संस्था, अंजुमनांच्या काही शाळा, छात्रशिक्षक आला की त्याला फुकटचा हात समजतात. शिक्षकाची जागा रिकामी, भरती अडकलेली, मग आलेल्या मुलीला दिवसाला सहा तासिका द्यायच्या आणि मार्गदर्शकाने दुसरे काम करायचे. ही आंतरवासिता नाही, वेठबिगारी आहे. छात्रशिक्षकाला या काळात सहसा मानधन नसते. प्रवास, खोली, जेवण हा सगळा खर्च त्याच्या घरचा. बदल्यात त्याला मिळायला हवे ते एकच : शिकवायला शिकवणारा माणूस. ते देता येत नसेल तर शाळेने नम्रपणे नकार द्यावा. छात्रशिक्षकांनीही, आठवड्याला किती तासिका आणि त्यातल्या किती मार्गदर्शकाच्या उपस्थितीत, हे संमतिपत्रात लिहून घ्यावे.

राहण्याचा प्रश्न तेवढाच मोठा. परगावी मुस्लिम नाव ऐकून खोली नाकारली जाणे हा आपल्यापैकी अनेकांचा अनुभव आहे. एकट्या मुलीला तर दुहेरी नकार. त्यात पेहरावाचा प्रश्न. कर्नाटकात २०२२ मध्ये वर्गातल्या हिजाबवरून काय घडले ते सर्वांना आठवते. तो वाद विद्यार्थिनींच्या गणवेशाचा होता आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींची मते त्यावर वेगळी पडली. छात्रशिक्षिकेने पोहोचल्यावर फाटकाशी वाद घालण्यापेक्षा शाळेचा पेहरावाचा नियम संमतिपत्राच्या वेळीच विचारून घ्यावा आणि मग जायचे की नाही ते स्वतः ठरवावे. उत्तर आवडले नाही तर दुसरी शाळा शोधायला तेव्हा वेळ हातात असतो.

शाळेकडूनही काही विचारले जाईल, त्याचा राग मानू नका. ओळखपत्र, कॉलेजचे शिफारसपत्र, पोलिस पडताळणी मागितली तर ती द्या. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानंतर मुलांच्या सुरक्षेबाबत शाळेने बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाबद्दल सावध असणे योग्यच आहे. आपल्या धाकट्या बहिणीच्या शाळेने असेच वागावे असे आपल्यालाही वाटते.

हे सगळे ऐकून अब्बू म्हणतील, ‘एवढ्या लांब मुलीला एकटीला कसे पाठवायचे?’ त्यांची काळजी खोटी नाही. पण या देशात यापेक्षा लहान मुले जातात आणि सुखरूप परत येतात, कारण तिथे व्यवस्था असते. जवाहर नवोदय विद्यालयांत नववीची सुमारे ३० टक्के मुले एका वर्षासाठी दुसऱ्या भाषेच्या राज्यातल्या नवोदयमध्ये पाठवली जातात. हिंदी पट्ट्यातली मुले महाराष्ट्रात येतात, इथली तिकडे जातात. मुले चौदा-पंधरा वर्षांची. आईबाप पाठवतात, कारण वसतिगृह आहे, सोबत शिक्षक आहे, जबाबदार प्राचार्य आहे आणि एकाच वेळी दहा-वीस मुले जातात. चौदा वर्षांच्या मुलासाठी जे जमते ते बावीस-तेवीस वर्षांच्या छात्रशिक्षिकेसाठी न जमण्याचे कारण तिचे वय नव्हे. तिच्यासाठी अशी रचना कोणी उभी केलेली नाही, एवढेच.

ती रचना आपण उभी करू शकतो, असे आम्हाला वाटते. त्यासाठी मोठा निधी नको, इमारत नको. सोलापूर, नांदेड, मालेगाव, भिवंडी, मिरज, बिदर, कलबुर्गी, बेळगाव, हैदराबाद, यांपैकी आपले कार्यकर्ते जिथे आहेत त्या प्रत्येक गावात तीन याद्या हव्यात. पहिली यादी शाळांची : कोणती शाळा छात्रशिक्षक घेते, कोणत्या विषयाला मार्गदर्शक आहे, आधी आलेल्यांचा अनुभव कसा होता. दुसरी यादी घरांची : एखाद्या छात्रशिक्षिकेला चार महिने रास्त भाड्याने खोली देणारे कुटुंब, महिला वसतिगृह, ओळखीची बाई. तिसरी यादी निवृत्त शिक्षकांची. आपल्या प्रत्येक गावात तीस-पस्तीस वर्षे शिकवून घरी बसलेल्या आपा आणि सर आहेत. आठवड्यातून एकदा वर्गात मागे बसून पाठ पाहायला आणि संध्याकाळी चहावर चार गोष्टी सांगायला त्यांच्याइतके योग्य कोणी नाही. कॉलेजच्या मूल्यमापनाची जागा ते घेऊ शकत नाहीत, पण एकटेपणाची जागा नक्की भरून काढतात.

या याद्यांचे तीन नियम असावेत. कोणाकडूनही पैसे घ्यायचे नाहीत, नाहीतर उद्या आपणच दलाल होऊ. ज्या शाळेने न शिकवता प्रमाणपत्र दिल्याचे कळेल ती यादीतून काढायची, मग ती आपल्या कितीही जवळच्यांची असो. आणि याद्या फक्त मुसलमानांसाठी ठेवायच्या नाहीत. गडचिरोलीची आदिवासी मुलगी हैदराबादला जाणार असेल, बिदरचा दलित मुलगा लातूरला येणार असेल, तर घर शोधण्याची त्यांची अडचण आपल्यापेक्षा वेगळी नाही.

हा रस्ता दोन्ही बाजूंनी चालणारा हवा. आपल्या मुली परराज्यात जाव्यात असे म्हणताना, आपल्या उर्दू शाळांचे दरवाजे बाहेरून येणाऱ्यांना किती उघडे आहेत हेही पाहू. गणित शिकवायला एखादी कन्नड मुलगी किंवा मराठी मुलगा आपल्या शाळेत सोळा आठवडे आला, तर आपल्या मुलांना वेगळ्या नावाचा शिक्षक भेटेल आणि त्या शिक्षकाला आपली मुले. आपल्याबद्दल ऐकीव गोष्टींवर मते बनवणाऱ्यांच्या संख्येत त्यामुळे एकाची घट होईल. तसेच आपल्या छात्रशिक्षिकेनेही केवळ उर्दू शाळाच शोधायचा हट्ट धरू नये. मराठी माध्यमातून शिकलेल्या आपल्या मुलीने बेळगावच्या मराठी शाळेत इतिहास शिकवावा, यात शाळेचाही फायदा आहे आणि तिचाही.

शेवटी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. प्रत्येकाने परराज्यात जावे असे आमचे म्हणणे नाही. गावातच चांगली शाळा, चांगला मार्गदर्शक आणि पाठ पाहायला येणारे प्राध्यापक असतील, तर तिथेच राहा. नोकरीही बहुधा आपल्याच राज्यात मिळवायची असल्याने इथला अभ्यासक्रम हाताखालून जाणे फायद्याचे. ज्यांना जावेच लागणार आहे, किंवा ज्यांनी विचार करून जायचे ठरवले आहे, त्यांच्यासाठी हा खटाटोप.

तुम्ही सध्या बी.एड.च्या पहिल्या वर्षाला असाल तर दुसऱ्या वर्षाची वाट पाहू नका. या महिन्यात प्राचार्यांना लेखी विचारा, उत्तराची प्रत जपून ठेवा. तुम्ही शिक्षक असाल तर आपल्या शाळेत एका छात्रशिक्षकाचे पाठ पाहण्याची तयारी मुख्याध्यापकांना कळवा. तुमच्या घरात एक रिकामी खोली असेल तर तेही आपल्या गावातल्या कार्यकर्त्यांना सांगा. आणि कोणी ‘सही-शिक्क्याचे बघून घेऊ’ म्हणाला, तर त्याला एवढेच विचारा : पाठ कोण पाहणार?